गाडी येईपर्यंतचा अर्धा तास: गावात रुग्णवाहिकेचं प्रशिक्षण कसं भरवावं

माझं पहिलं शिबिर खूप गाजलं आणि साफ फसलं. शाळेच्या हॉलमध्ये शंभरावर माणसं, हार-नारळ, पडद्यावर रंगीत चित्रं. मी दोन तास बोलले, शेवटी टाळ्या आणि कांदेपोहे. दीडेक महिन्यानं त्याच गावातून रात्री फोन आला. फोन करणारा मुलगा शिबिरात पहिल्या रांगेत बसला होता, हे मला नंतर कळलं. हृदयाला किती कप्पे असतात हे त्याला पाठ होतं, पण आपली वाडी कुठल्या तालुक्यात येते हे सांगताना तो अडखळला. पाच मिनिटं त्यातच गेली. चूक त्याची नव्हती. पत्ता सांगायला मी शिकवलंच नव्हतं.

त्यानंतर काही वर्षं डोंगरी भागात रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम करताना आणि मधल्या सुट्यांच्या दिवशी गावोगाव शिकवताना जी पद्धत बसत गेली ती इथे मांडते आहे. ग्रामपंचायत, तरुण मंडळ, बचत गट, शाळा, किंवा रुग्णवाहिकेवर काम करणारे माझ्यासारखे डॉक्टर आणि चालक, कुणालाही ती वापरता येईल.

आधी सेवेची ओळख, थोडक्यात. महाराष्ट्रात १०८ नंबरवरची रुग्णवाहिका सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. सुरुवातीचा ताफा ९३७ गाड्यांचा होता: २३३ गाड्या प्रगत साधनांच्या, ७०४ मूलभूत साधनांच्या. गाडीवर डॉक्टर असतो, चालकाला 'पायलट' म्हणतात, आणि रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. गाडी पोचण्याचं उद्दिष्ट शहरात वीस मिनिटांचं, ग्रामीण भागात तीस मिनिटांचं. शिबिराच्या दृष्टीनं यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की सगळं सुरळीत झालं तरी खेड्यात अर्धा तास गाडी नसते. त्या अर्ध्या तासात रुग्णाजवळ असतात ती जाऊ, दीर, शेजारी आणि दुकानदार. शिबिर त्यांच्यासाठी भरवायचं. गाडीत कोणतं यंत्र काय करतं याची माहिती त्यांना लागत नाही.

पहिलं पाऊल: गावाला विचारा, गेल्या तीन वर्षांत काय काय झालं

शिबिराच्या पंधरा दिवस आधी गावात एक फेरी मारा आणि आशाताईंबरोबर तासभर बसा. कुणाला साप चावला, कुणाचा हात कडबाकुट्टीत गेला, कुणाची प्रसूती वाटेत झाली, विहिरीत कोण पडलं, कुणी फवारणीचं औषध प्यालं, हे त्यांना तोंडपाठ असतं. पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका आणि किराणा दुकानदार यांच्याशीही बोला. दुकानदार महत्त्वाचा, कारण रात्री दार वाजवलं जातं ते त्याचं.

या गप्पांतून त्या गावाची यादी तयार होते, आणि दर गावाची यादी वेगळी निघते. कोकणात फुरसं आणि विंचू. उसाच्या पट्ट्यात घोणस, ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर भाजण्याच्या घटना. विदर्भाच्या कापूसपट्ट्यात फवारणीची विषबाधा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-मजूर फवारणी करताना बाधित झाले होते आणि त्यांतले वीसहून अधिक दगावले, हे तिकडच्या कुणाला सांगावं लागत नाही. नदीकाठच्या गावात बुडणं. महामार्गालगत रस्त्यावरचे अपघात. एकच ठरलेला अभ्यासक्रम घेऊन सगळीकडे फिरलात, तर डोंगरावरच्या वाडीला तुम्ही समुद्रात बुडालेल्याला वाचवायला शिकवाल.

दुसरं पाऊल: पत्र, तारीख, वेळ

ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर एक पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि एक १०८ च्या जिल्हा व्यवस्थापकांना द्या. निदान तीन आठवडे आधी द्या. पत्रात किती माणसं, कुठे, किती वाजता आणि कोणते विषय हे स्पष्ट लिहा. 'जनजागृती कार्यक्रम' एवढंच लिहिलंत तर भाषण द्यायला कुणीतरी येईल. 'चोवीस जणांना प्रत्यक्ष सरावासह प्रशिक्षण' लिहिलंत तर डमी, म्हणजे छाती दाबण्याच्या सरावाचा पुतळा, घेऊन येतील.

पत्रात आणखी एक वाक्य जरूर टाका: कॉल आला तर गाडी आणि पथक निघून जाईल, याची आम्हाला कल्पना आहे. शिबिरासाठी गाडी अडकवून ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. म्हणून शिकवणारा निदान एक माणूस कामावर नसलेला हवा, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका तरी हवी. माझ्या एका शिबिरात अर्ध्यावर कॉल आला, पायलट हातातला चहा तसाच ठेवून धावला, आणि दीड मिनिटात गाडी दिसेनाशी झाली. त्या दिवशी लोकांना सगळ्यात जास्त आठवलं ते तेच.

तारखेसाठी ग्रामसभेचा उपयोग करा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. तिथे शिबिर जाहीर करायचं, तिथे घ्यायचं नाही. पेरणी, सुगी, लग्नसराई आणि आठवडी बाजाराचा दिवस टाळा. वेळ गावाच्या दिनक्रमाप्रमाणे ठरवा. पुरुष संध्याकाळी डेअरीत दूध घालून आल्यावर मोकळे होतात, म्हणजे साडेसात. बायकांना दुपारी दोन ते चार बरं पडतं. दोघांना एकत्र बोलावण्याचा हट्ट मी सोडून दिला आहे. डमीच्या छातीवर ओणवं होऊन दाबायचं म्हणजे पदर सावरत, सासऱ्यादेखत ते होत नाही. बायकांची तुकडी वेगळी घेतली की त्याच सुना पुरुषांपेक्षा जास्त जोर लावतात.

तिसरं पाऊल: चोवीस माणसं, सव्वाशे नाही

एका शिबिराला चोवीस जण, सहा-सहाचे चार गट. प्रत्येकाचे हात डमीला किमान तीनदा लागले पाहिजेत आणि त्यापेक्षा जास्त गर्दीत ते जमत नाही. बाकीच्यांना यायचं असेल तर बाजूला उभं राहून बघू द्या, पण सराव चोवीस जणांचाच.

हे चोवीस कोण? सरपंचांची यादी तुमच्या हातात येईलच, तिच्यात मंडळाचे पदाधिकारी असतील. ती आदरानं घ्या आणि त्यात आपली माणसं घाला: आशाताई, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, वायरमन, पाणी सोडणारा, वडाप (प्रवासी जीप) चालवणारे दोघं-तिघं, शाळेचा शिपाई, पिठाची गिरणीवाला, विहिरीत पोहणारी दोन तरणी पोरं, आणि प्रत्येक वाडीतली निदान एक बाई. जी माणसं दिवसभर गावातच असतात ती हवीत. मुंबई-पुण्याला नोकरीला असलेला उत्साही तरुण शिबिरात चमकतो, पण प्रसंग येतो तेव्हा तो कांदिवलीत असतो.

आठवी-नववीच्या मुलांसाठी वेगळा तास घ्या. छाती दाबायला त्यांचा जोर कमी पडू शकतो. पण फोन करणं, पत्ता सांगणं, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणं हे ती उत्तम करतात आणि घरी जाऊन आजीला शिकवतात.

चौथं पाऊल: सामान

छाती दाबायच्या निदान दोन डमी सेवेकडून किंवा आरोग्य केंद्राकडून मागवा. नाही मिळाल्या तर दोन लिटरची झाकण घट्ट लावलेली प्लास्टिकची बाटली जुन्या सदऱ्यात भरा, भोवती चिंध्या कोंबा. अगदी खऱ्यासारखं वाटत नाही, पण हात कुठे ठेवायचा आणि दाबून परत पूर्ण वर कसं येऊ द्यायचं हे कळतं. याशिवाय जुन्या सुती साड्यांचे पट्टे, दोन घोंगड्या, दोन बांबू, लाकडी पट्ट्या किंवा तुरीच्या काठ्या, लाल रंगाचं पाणी, एक मोठी बाहुली आणि सतरंज्या. प्रोजेक्टर आणू नका. एकदा तो आला की सगळे त्याच्याकडेच बघत बसतात.

पाचवं पाऊल: प्रत्यक्ष शिबिर

अडीच तास धरा. सुरुवात फोनपासून.

पत्ता. १०८ वर केलेला फोन पुण्यातल्या औंधच्या नियंत्रण कक्षात जातो. तिथे फोन उचलणाऱ्याला तुमच्या गावचा पार माहीत नाही, 'तात्यांच्या मळ्याजवळ' म्हटलेलं कळत नाही. माळवाडी नावाच्या वाड्या किती तालुक्यांत असतील याची गणतीच नाही, आणि खुर्द की बुद्रुक हे न सांगितल्यानं घोळ होतो तो वेगळाच. म्हणून एक क्रम पाठ करून घ्या: जिल्हा, तालुका, गाव, वाडी, ठळक खूण, आणि कुठल्या फाट्यावरून आत वळायचं. मग काय झालं आहे, रुग्णाचं अंदाजे वय, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. आणि ज्या फोनवरून बोलताय तो मोकळा ठेवायचा, कारण डॉक्टर किंवा पायलट परत फोन करतात. त्याच वेळी सगळे पाहुणे त्या नंबरवर चौकशी करत बसले, तर गाडीला रस्ता कोण सांगणार?

प्रत्येकानं उठून हा पत्ता मोठ्यानं म्हणायचा. लोक हसतात, लाजतात, आणि चोवीसातले सात-आठ जण चुकतात. तिथेच पुढची पाटी सुचते: गावात आठ-दहा ठिकाणी हा पूर्ण पत्ता रंगवून ठेवायचा. शाळेची भिंत, डेअरी, पाण्याची टाकी, बस थांबा. घाबरलेल्या माणसाला आठवत नाही, पण वाचता येतं.

रेंज कुठे मिळते हेही विचारून घ्या. अनेक वाड्यांत ती एखाद्या टेकाडावर किंवा देवळाच्या ओट्यावरच मिळते. मग रात्री तिथवर पळत कोण जाणार, हे आधी ठरलेलं बरं. १०२ हा गरोदर माता आणि तान्ह्या बाळांच्या गाडीचा नंबर, ११२ वर पोलिसांची मदत. एवढं सांगितलं की पुरे.

छाती दाबणं, म्हणजे सीपीआर. लोक यासाठीच आलेले असतात, त्यामुळे त्यांना ते द्यायचंच. खांदे थोपटून हाक मारा. उत्तर नाही, तर छाती हलते का बघा, दहा सेकंदांहून जास्त वेळ न घालवता. मधूनच आचके दिल्यासारखा श्वास येत असेल तर तो श्वास नव्हे. हे वाक्य तीनदा सांगा, कारण 'श्वास चालू आहे' म्हणून लोक थांबतात ते इथेच. एकानं १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा. रुग्णाला खाटेवरून खाली, कडक जमिनीवर घ्या. सुंभाच्या खाटेवर दाबलं तर खाटच दबते. छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे आणि दर दाबानंतर पूर्ण वर आली पाहिजे. वेग मिनिटाला १०० ते १२०.

हा वेग आकड्यांनी कुणाला कळत नाही. मी भजनी मंडळातल्या टाळकऱ्याला उभा करते. फोनवरच्या ठेक्याच्या अॅपवर एकदा ११० ची गती लावून त्याला ऐकवायची. तो लगेच म्हणतो, 'म्हणजे गजराच्या वेळची लय.' मग तो टाळ धरतो आणि चोवीस जण त्या लयीत दाबतात. एका माळकरी आजोबांनी या सरावात कुणालाच थांबू दिलं नाही.

इंडियन रिससिटेशन कौन्सिलनं सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची पद्धत ठरवून दिली आहे. तोंडानं श्वास देण्याची सक्ती नाही. खेड्यात हे सोयीचं पडतं. अपवाद बुडालेल्यांचा आणि लहान मुलांचा. तिथे मुळात श्वासच कमी पडलेला असतो, म्हणून ज्याला येतं त्यानं श्वासही द्यावा: तीस दाब, दोन श्वास. बुडालेल्याला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नये.

दोन मिनिटांत माणूस थकतो आणि दाब उथळ होतो. म्हणून सहा जणांची रांग लावून दर दोन मिनिटांनी माणूस बदलण्याचा सराव हवा, आणि तो सलग दहा मिनिटांचा. शहरातल्या शिबिरात याचं महत्त्व कळत नाही.

आता एक मत, जे सगळ्यांना आवडत नाही. दूरच्या वाडीत थांबलेलं हृदय नुसतं दाबून परत सुरू होण्याची शक्यता कमी असते, आणि शिबिरात हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढे एखाद्याचे वडील गेले तर तो आयुष्यभर 'मी नीट दाबलं नाही' म्हणत बसतो. दाबायचं, कारण तेवढीच संधी असते. पण डोंगरातल्या गावात जास्त जीव वाचतात ते पुढच्या साध्या गोष्टींनी, आणि निम्म्याहून अधिक वेळ मी त्यांनाच देते.

कुशीवर वळवणं. बेशुद्ध आहे, पण श्वास नीट चालू आहे, अशा माणसाला उताणं ठेवलं की जीभ मागे पडते किंवा उलटी श्वासनलिकेत जाते. पिऊन पडलेला, फिट येऊन गेलेला, विष घेतलेला, साखर कमी होऊन पडलेला, सगळ्यांना हेच लागू. कुशीवर, वरचा गुडघा पुढे मुडपलेला, तोंड थोडं खालच्या बाजूला. अपघातात मान दुखावली असेल अशी शंका असेल तर हलवायचं नाही. पण उलटी होत असेल तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून तिघा-चौघांनी मिळून वळवायचं. हे दोन-दोनच्या जोडीनं एकमेकांवर करून घ्या, दहा मिनिटांत येतं.

इथेच फिटचा विषय काढा. चप्पल हुंगवणं, कांदा नाकाशी धरणं, दातांत चमचा घालणं, हातपाय दाबून धरणं, सगळं बंद. आजूबाजूच्या वस्तू दूर करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. फिट पाच मिनिटांच्या पुढे चालली किंवा मधे शुद्ध न येता पुन्हा आली तर फोन. 'चपलेनं उतरते' असं म्हणणारे हमखास भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नका. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय चपलेला मिळतं, एवढं हसत सांगितलं की त्यांनाही पटतं.

रक्त थांबवणं. स्वच्छ कापडाची घडी, थेट जखमेवर, दोन्ही हातांचा जोर, सलग दहा मिनिटं. मधे उचलून 'थांबलं का' बघायचं नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. हळद, कॉफी पावडर, चुना, काही नको. लाल पाण्याची पिशवी सदऱ्याखाली बांधून मंडळाच्या पोराला 'जखमी' करा, सराव रंगतो. कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात हात गेला आणि दाबूनही रक्ताची धार थांबत नसेल, तरच जखमेच्या वर चार बोटांवर, सांध्यावर नाही, रुंद पट्टा बांधून काठीनं पिळून घट्ट करायचा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत, ती पिशवी बर्फाच्या दुसऱ्या पिशवीत. बोट थेट बर्फात टाकायचं नाही.

घशात अडकणं. मोठ्या माणसाला खोकता-बोलता येत नसेल तर पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं पाच जोरदार थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच झटके, आळीपाळीनं. गरोदर बाईला पोटाऐवजी छातीवर. वर्षाच्या आतल्या बाळाला मांडीवर पालथं, डोकं खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. बाळाच्या पोटावर झटके द्यायचे नाहीत. बाहुली यासाठीच आणलेली. तोंडात आंधळेपणानं बोट घालून शोधू नका. शेंगदाणा, मक्याचा दाणा आणि सीताफळाची बी यांची नावं घेतली की बायका माना डोलावतात.

सर्पदंश. हा भाग घाईत उरकू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारांवर आपल्याकडची प्रतिसर्पविष लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. चावल्यावर करायचं ते थोडंच: धीर द्या, अंगठी-बांगडी-जोडवी काढा, चावलेला हात किंवा पाय काठी बांधून स्थिर करा, रुग्णाला चालू देऊ नका. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. मघाशी रक्तासाठी पट्टा शिकवलेला असतो, त्यामुळे लोक तो इथे वापरतील. दोन्ही विषयांच्या मधे चहाची सुट्टी ठेवा आणि परत आल्यावर मुद्दाम विचारा, 'साप चावला तर पट्टा?' सगळ्यांनी 'नाही' म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका. साप मारून आणायची गरज नाही, त्यात दुसऱ्यालाही चावतो.

मण्यारीचं वेगळं सांगा. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश जाणवत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, मळमळतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. 'बाधलं असेल' म्हणून ओवा देत बसतात आणि तास निघून जातात. पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आणि पापण्या उतरलेल्या दिसल्या की थेट फोन.

भगताचा प्रश्न येतोच. मी 'अंधश्रद्धा' हा शब्द वापरत नाही. मी म्हणते, मंत्र म्हणायचा असेल तर भगतबाबांना गाडीत घ्या, वाटेत म्हणू देत. दोन गावांत तर भगत स्वतःच शिबिराला आले आणि आता तेच आधी फोन करायला लावतात. त्यांना चोवीसांत धरा.

भाजणं आणि विष. भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट, शाई, बर्फ नको. फवारणीचं विष अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणानं आंघोळ, मदत करणाऱ्यानं हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. कुशीवर ठेवा आणि बाटली दवाखान्यात बरोबर न्या. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी वीज बंद. डीपी कुठे आहे ते वायरमनला चोवीसांसमोर सांगायला लावा.

मधे पाच मिनिटं कायद्याला द्या, कारण 'पोलिसांचं लचांड नको' म्हणून महामार्गावर लोक बघत उभे राहतात. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये आणि नंतर २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, दवाखाना पैसे भरायला किंवा थांबायला भाग पाडू शकत नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ही त्याची मर्जी.

सहावं पाऊल: रात्रीचा सराव

दिवसा सगळं सोपं वाटतं. शिबिरानंतर आठवडाभरात, रात्री नऊला, आधी फक्त तिघांना सांगून, एका वाडीत खोटा रुग्ण झोपवा. १०८ वर खोटा फोन मात्र करायचा नाही. त्या जागी शिबिरातलाच एक जण फोन घेणारा होतो. घड्याळ लावा आणि बघा: पहिला मदतनीस किती मिनिटांत आला, पत्ता पूर्ण सांगितला का, फाट्यावर बॅटरी घेऊन कोण उभा राहिला, वाटेतला ट्रॅक्टर कुणी हलवला, कुत्री कुणी बांधली, आणि जिथे गाडी जात नाही तिथून घोंगडी-बांबूच्या झोळीत रुग्ण रस्त्यावर यायला किती वेळ लागला. अंधारात, उतारावर, चौघांच्या खांद्यावरची झोळी डावीकडे कलते आणि खोटा रुग्ण खरोखर ओरडतो. दर शंभर पावलांवर खांदा बदलायचा हे तेव्हा सुचतं.

गाडी दुसऱ्या रुग्णाकडे गेलेली असू शकते, म्हणून गावातल्या गाड्यांची यादी हवी: मालक, चालवणारा, रात्री किल्ली कुठे असते. रस्ताच नसेल आणि मोटारसायकलच असेल, तर रुग्ण मधे आणि त्याला धरणारा मागे, अशी तिघांची बैठक. हेही एकदा करून बघा. निघताना प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करून लस आहे का, डॉक्टर आहेत का विचारून घ्या, म्हणजे चुकीच्या दारात जाऊन परत फिरावं लागत नाही. ज्या गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणेची नोंदणी झाली आहे तिथे एका फोनवर सगळ्या गावाला आवाज जातो. तुमच्या गावाची आहे का, हे पोलीस पाटलांना विचारा.

सातवं पाऊल: नंतरचं काम

शिकलेलं हातातून पटकन जातं. चार-सहा महिन्यांत दाबाचा जोर आणि लय दोन्ही बिघडतात, म्हणून तासाभराची उजळणी शिबिराच्या दिवशीच तारखेसकट ठरवून टाका. जत्रेच्या आधीचा आठवडा बरा, माणसं गावात असतात.

एक दोनशेपानी वही आशाताईंकडे ठेवा. गावात काही घडलं की तारीख, फोनची वेळ, गाडी आल्याची वेळ, कोण धावलं, काय अडलं, एवढं चार ओळींत. वर्षभरात ही वहीच पुढच्या शिबिराचे विषय ठरवते. आणि सेवेच्या जिल्हा कार्यालयाकडे किंवा आरोग्य अधिकाऱ्यांकडे 'अमुक वळणावर गाडी फसते, तिथे मुरूम टाका' असं लेखी मांडायचं असेल, तर तोंडी गाऱ्हाण्यापेक्षा वहीतल्या वेळा उपयोगी पडतात. रुग्णाचं नाव मात्र वहीत लिहू नका.

उजळणीला जाताना मी ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचते आणि पारावर जो कुणी बसला असेल त्याला, शिबिराला आला होता की नव्हता हे न बघता, पत्ता विचारते. गेल्या खेपेला एका सात-आठ वर्षांच्या पोरीनं जिल्ह्यापासून फाट्यापर्यंत एका दमात म्हणून दाखवला. मग तिनं डेअरीच्या भिंतीकडे बोट केलं. पाटीवरचा रंग पावसानं गेला होता आणि 'खुर्द' वाचता येत नव्हतं. त्या दिवशी उजळणी रंगाचा डबा आणून झाल्यावर सुरू केली.